पोटगीचा हिशेब अर्जाच्या तारखेपासून : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांतला पेच एकच आहे. कोर्टात जायचे आहे, पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि "बघू, बसून मिटवू" करताना महिने निघून गेले आहेत. ओळख पटेल असा मजकूर काढून सहा प्रश्न घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः हिंदू विवाह कायद्याला धरून आहेत. जे सर्वांना लागू आहे, तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : नवऱ्याने घराबाहेर काढून आठ महिने झाले. माहेरी राहते. चार आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. वकील पंचवीस हजार मागतात. भावाला नोकरी आहे म्हणून मोफत वकील मिळणार नाही असे लोक सांगतात. घटस्फोट मला नकोच आहे, तरी पोटगी मागता येते का? (सोलापूर जिल्हा)

लोक चुकीचे सांगतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. भावाचे सोडाच, तुमचे स्वतःचे उत्पन्नही आड येत नाही. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे का, एवढे पाहतात.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. यांपैकी जवळच्या ठिकाणी जा. आधी चौकशी करायची असेल तर १५१०० हा मदत क्रमांक आहे. जाताना आधार कार्ड, फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाचा पुरावा न्या. नोंदणीचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका आणि मांडवातले फोटो चालतात. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात. सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. त्यानंतर वकिलाच्या नेमणुकीचे पत्र निघते. ते पत्र नीट ठेवा.

हा वकील तुमच्याकडून फी घेऊ शकत नाही. टायपिंगचे, नोटीस बजावणीचे, नकलांचे पैसेही तुमच्याकडून मागायचे नसतात. कोणी मागितलेच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात आणि वकील बदलून मिळतो. शिवाय महाराष्ट्रात वैवाहिक वादातल्या पोटगी-घटस्फोटाच्या दाव्यांना स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

पोटगीसाठी घटस्फोट मागावा लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ म्हणजे जुने कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, कोर्टाच्या पॅसेजमध्ये अजून "एकशे पंचवीस" असेच म्हणतात). ते सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही ते लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अर्ज तुम्ही राहता तिथे करता येतो, नवऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मारहाण झाली असेल, घरातून हाकलले असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज करा. त्यात खर्चाबरोबर राहत्या घराचा हक्क आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. हा अर्ज महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही करता येतो.

आता वेळेबद्दल. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले आहे. समजा महिना आठ हजार ठरले आणि अर्ज आज केला, निकाल दीड वर्षाने लागला, तरी त्या अठरा महिन्यांचे १,४४,००० रुपये देय होतात. अर्जाआधीचे आठ महिने मात्र यात धरले जात नाहीत. म्हणून बैठका, मध्यस्थी, समेट सगळे चालू द्या, पण अर्ज दाखल करून मग. समेट झाला तर अर्ज काढून घेता येतो.

नेहमी घोटाळा होतो तो पत्त्यात. "मु. पो. अमुक" एवढेच लिहिले की समन्स "सदर इसम मिळून आला नाही" या शेऱ्यासह परत येते आणि दोन-तीन तारखा वाया जातात. घराचा आणि कामाच्या ठिकाणाचा असे दोन पत्ते द्या, मोबाईल नंबरही द्या.

प्रश्न : नवरा कोर्टात म्हणतो, "मी बेकार आहे, जमीन वडिलांच्या नावावर आहे." घरी सहा एकर ऊस आणि चार म्हशी आहेत. हे सिद्ध कसे करायचे? (सांगली जिल्हा)

रजनेश विरुद्ध नेहा या वरच्याच निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले आहे. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे, तोच भरा. नवऱ्याला उत्तर आणि शपथपत्रासाठी चार आठवडे मिळतात. दोनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असेही निकालात आहे. तरी टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द करा असा अर्ज देता येतो. धडधाकट माणसाने "बेकार आहे" म्हटल्याने तो सुटत नाही, हे न्यायालयांनी पुष्कळदा सांगितले आहे. पण रक्कम किती ठरेल हे कागदावरच अवलंबून असते.

गट नंबर माहीत असेल तर सातबारा आणि आठ-अ उतारे ऑनलाईन निघतात. जमीन सासऱ्यांची स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, हे जुन्या फेरफारांवरून कळते. वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा दाखवता येतो. उसाची नोंद कोणाच्या नावावर आहे आणि बिल कोणत्या खात्यावर जमा झाले, हे कारखान्याच्या दप्तरात असते. डेअरीचा दर दहा दिवसांचा दुधाचा पगारही तसाच. हे कागद तुम्हाला कोणी हातात देणार नाही. "अमुक कारखान्याकडून अमुक हंगामाचा ऊसबिलाचा उतारा मागवावा" असा नेमका अर्ज कोर्टात द्या. "सर्व कागदपत्रे मागवावीत" असा मोघम अर्ज बहुधा नामंजूर होतो.

तुमच्या बाजूचे शपथपत्रही तितक्याच काळजीने भरा. "घरखर्च अंदाजे पंधरा हजार" असे लिहू नका. किराणा, दूध, गॅस, शाळेची फी, व्हॅनचे भाडे, औषधे असे वेगवेगळे लिहा आणि पावत्या जोडा. वहीत रोजचा हिशेब दोन महिने लिहिला तरी उलटतपासणीत गडबडायला होत नाही. शिलाईचे तीन हजार मिळत असतील तर तेही लिहा. स्त्री कमावते म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, पण लपवलेली कमाई उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्ट शंका घेते.

प्रश्न : दरमहा सहा हजारांचा हुकूम झाला. चौदा महिन्यांत एक पैसा आला नाही. मोठी रक्कम साठली की एकदमच वसुली लावावी म्हणून थांबले आहे.

थांबू नका. कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट हवे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांचे बारा हजार या वाटेने निसटले. त्यासाठी दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली करता येईल का, हे वकिलाला विचारा. उरलेल्या बारा महिन्यांचा, म्हणजे ७२,००० रुपयांचा अर्ज याच आठवड्यात लावा. पुढे दर तीन-चार महिन्यांनी लावत जा.

अर्जासोबत हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल, थकबाकीचा महिनावार तक्ता आणि बँक पासबुकची झेरॉक्स द्या. पैसे न देणाऱ्याला प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. "आत जाऊन आलो, फिटले" असा नवऱ्यांचा लाडका समज आहे. कैद हा वसुलीसाठी दाब आहे, रक्कम तशीच शिल्लक राहते. नोकरदार असेल तर पगारजप्ती सर्वांत खात्रीची. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते, इतर कर्जांना एवढी सवलत नाही.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा पत्नीकडे आहे. पाच महिने भेटू दिलेले नाही. म्हणून मी खर्चाचे पैसे थांबवले. शाळेतून परस्पर घेऊन आलो तर गुन्हा होतो का? मला मोफत वकील मिळेल का? (पुणे)

दोन्ही गोष्टी तुमच्याच अंगावर येतील. खर्च हा मुलाचा हक्क आहे, भेट हा वेगळा विषय. एक अडला म्हणून दुसरा अडवता येत नाही. पैसे आजच खात्यावर भरा आणि पावती ठेवा. शाळेतून परस्पर उचललेत, तर गुन्ह्याचा प्रश्न पुढचा, ताब्याच्या अर्जात समोरचा वकील पहिला मुद्दा तोच मांडेल.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करा. हा दुसरा अर्ज मूल सध्या जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. तुमचा मुलगा सहाचा आहे, पण म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे येत नाही. दोघांच्या हक्कांपेक्षा मुलाचे हित वर.

ताब्याचा निकाल लागायला वेळ जातो, म्हणून आधी अंतरिम भेटीचा अर्ज द्या आणि तो नेमका लिहा. पहिला व तिसरा शनिवार, अकरा ते पाच. बुधवारी रात्री आठला पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग. मुलाला कोण आणून सोडणार आणि कुठे, हेही लिहा. निम्मी भांडणे सोसायटीच्या गेटवर होतात. ताण जास्त असेल तर पहिल्या काही भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत घ्याव्या लागतील. ते कमीपणाचे मानू नका. तिथे भेट झाल्याची नोंद राहते आणि तिच्यावरच पुढचे तास वाढतात. न्यायाधीश किंवा समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलू शकतात. पढवलेले मूल त्यांना दोन मिनिटांत कळते.

मोफत वकिलाबद्दलही तुम्ही विचारले आहे. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा लागते, मात्र अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना ती अट नाही.

प्रश्न : संमतीने वेगळे व्हायचे ठरले आहे. दोन वर्षांपासून वेगळे राहतो. सहा महिने थांबावेच लागते का? एकरकमी पैसे कधी द्यायचे?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज, आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांत दुसऱ्यांदा कोर्टासमोर संमती. सहा महिन्यांची ही अट माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयात अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये ठरले. त्यासाठी वेगळे राहून साधारण दीड वर्ष झालेले असावे, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळे मिटलेले असावे. तुमचे यात बसते. पहिल्या तारखेनंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो.

दुसऱ्या तारखेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते. त्यामुळे सगळे पैसे आधी देणारा अडकतो आणि सगळे नंतर घेणारीही अडकते. थोडा भाग अर्ज दाखल करताना आणि मोठा भाग दुसऱ्या संमतीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने न्यायाधीशांसमोर, ही रीत बरी. पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. ड्राफ्टचा क्रमांक पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, लिहून घ्या. दागिने, भांडी, कागदपत्रे यांची यादी संमतीपत्रातच जोडा. "स्त्रीधन मिळाले" एवढ्या एका ओळीवर सही करू नका. मुलांच्या खर्चावर आईने पाणी सोडले तरी मुलांचा हक्क संपत नाही, म्हणून ती रक्कम वेगळी दाखवा, शक्यतो मुलाच्या नावे मुदतठेवीत. एकमेकांवर पोलीस केस असेल तर ती या हुकुमाने आपोआप मिटत नाही. ती रद्द करून घेण्याचा उच्च न्यायालयातला अर्ज कोण करणार आणि खर्च कोणाचा, हेही लिहा.

प्रश्न : स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, चार पंच आणि नोटरीचा शिक्का अशी फारकत झाली आहे. मुलीचे दुसरे लग्न पुढच्या महिन्यात ठरले आहे. काही अडचण?

मोठी अडचण आहे. नोटरीला घटस्फोट देता येत नाही, शिक्का फक्त सह्यांचा. तुमच्या समाजात फारकतीची रूढी फार जुनी असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ (२) तिला मान्यता देते, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते आणि तिथे बहुतेक जण अडतात. पहिले लग्न कायद्याने उभे असताना दुसरे केले तर ते रद्दबातल ठरते, आणि तक्रार झाली तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. लग्नाची तारीख पुढे ढकला. दोघे राजी आहेतच, तर तोच कागद वकिलाला दाखवून कलम १३-ब चा अर्ज लावा. फारकतीच्या तारखेपासून वेगळे राहत असल्याचा पुरावा म्हणून तो तिथे उपयोगी पडेल. हुकुमाची नक्कल हातात येईपर्यंत मांडवाचा अॅडव्हान्स देऊ नका.