विचचे हेक्स वाया का जातात?

प्रश्न: आम्ही पाथफाइंडर या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची पहिली आवृत्ती खेळतो. माझं पात्र, विच (चेटकीण), ६व्या लेव्हलचं आहे, इंटेलिजन्स १८. हेक्स, म्हणजे तिच्या शापासारख्या जादू, चार: इव्हिल आय (शत्रूचे आकडे घटवते), कॅकल (चालू परिणाम लांबवते), मिसफॉर्च्यून (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायला लावते), स्लंबर (झोपवते). लढाई सुरू होताच मी शत्रूच्या म्होरक्यावर स्लंबर टाकते. तो बऱ्याचदा सेव्ह करतो (फासा टाकून हेक्समधून वाचतो) आणि मग दिवसभर त्याच्यावर स्लंबर चालत नाही. काय चुकतंय?

उत्तर: हेक्स योग्य निवडलेत, क्रम उलटा आहे. तुमच्या हेक्सचा डीसी (वाचण्यासाठी गाठायचा आकडा) १० + निम्मी लेव्हल ३ + इंटेलिजन्सचे ४, म्हणजे १७. म्होरक्याचा विल सेव्ह (मनोबलाचा, वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) +४ धरला, तर तो १३ किंवा जास्त पडल्यावर वाचतो, म्हणजे ४० टक्के वेळा. स्लंबर आणि मिसफॉर्च्यून एका लक्ष्यावर दिवसातून एकदाच चालतात. इव्हिल आयला ती मर्यादा नाही, म्हणून सुरुवात तिथून करा.

पहिल्या पाळीत इव्हिल आय टाका आणि सेव्हवर -२ निवडा. त्याने सेव्ह केला तरी परिणाम एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) टिकतो. मात्र तो तुमच्या पुढच्या पाळीच्या ऐन आधी संपतो. म्हणून त्याच पाळीत, एरवी चालण्यासाठी असलेली मूव्ह अ‍ॅक्शन खर्चून कॅकल करायचंच. बहुतेकांचं इथेच बिनसतं: मूव्ह अ‍ॅक्शन चालण्यात जाते आणि -२ कामी येण्याआधीच विरून जातो. जागा बदलायचीच असेल तर पाच फुटांचं पाऊल टाका. म्होरक्या ३० फुटांत, म्हणजे सहा चौकोनांत, असलाच पाहिजे.

दुसऱ्या पाळीत मिसफॉर्च्यून, पुन्हा कॅकल. आता त्याला १५ लागतात, म्हणजे ७० टक्के वेळा तो अडकतो. तिसऱ्या पाळीत स्लंबर: दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागत असल्याने वाचण्याची शक्यता ३० टक्क्यांवरून ९ वर येते. तीन पाळ्या हा मोठा खर्च आहे, तो म्होरक्यासाठीच राखा. साध्या शिपायांवर थेट स्लंबर टाका. एल्फ आणि अनडेड (मेलेले पण हिंडणारे) यांच्यावर मात्र टाकूच नका, त्यांना जादूने झोप लागत नाही.

झोपलेला शत्रू गोंगाटाने उठत नाही, पण जराही इजा झाली की लगेच जागा होतो, आणि त्याचा साथीदार एका मुख्य, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅक्शनमध्ये त्याला उठवू शकतो. तेव्हा आधी आसपासचे साथीदार हटवा. गटातल्या धनुर्धराला बजावून ठेवा: झोपलेल्यावर बाण नाही. कू द ग्रास (असहाय शत्रूवरचा जीवघेणा घाव) मोठ्या शस्त्राच्या फायटरनेच करावा; त्याला पूर्ण राउंड लागतो.

प्रश्न: माझा फॅमिलियर (विचचे स्पेल साठवणारा प्राणी) मेला. जीएम (खेळ चालवणारे) म्हणतात, सगळे स्पेल गेले. खरं का?

उत्तर: सगळे नाही. एका दिवसानंतर आठ तासांचा विधी करून नवा फॅमिलियर मिळतो. खर्च लेव्हलमागे ५०० सुवर्णनाणी. त्याला शून्य लेव्हलचे सर्व स्पेल, तुम्हाला टाकता येणाऱ्या प्रत्येक लेव्हलचे दोन-दोन आणि पेट्रनचे (विचला जादू देणाऱ्या शक्तीचे) स्पेल येतात. उरलेले गेलेच. म्हणून ज्यांच्यावाचून अडतं अशा दोन-तीन स्पेलच्या स्क्रोल (स्पेल लिहिलेल्या गुंडाळ्या) मुक्कामी ठेवा. पहिल्या लेव्हलची २५ नाण्यांना मिळते, दुसरीची १५०, तिसरीची ३७५. गरज पडली की स्क्रोल जाळून तिच्या राखेचं मिश्रण फॅमिलियरला खाऊ घालायचं. स्पेलच्या लेव्हलमागे एक तास लागतो, आणि शेवटी स्पेलक्राफ्टचा (जादूच्या जाणकारीचा) फासा टाकावा लागतो, डीसी १५ + स्पेलची लेव्हल; चुकला तर स्क्रोल जाते आणि स्पेल मिळत नाही.