डिपेंडंट व्हिसा, राजीनामा आणि डोकं ठिकाणावर ठेवणं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चौदा वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्स सांभाळलंत, आता त्याचा वीट आलाय. बायकोला परदेशात नोकरी मिळालीय, चार महिन्यांनी निघायचंय, तुम्ही तिच्या डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदार म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर, जाणार. तिथे क्षेत्रच बदलून यूएक्स डिझाइनमध्ये (अॅप, वेबसाइट वापरायला सोपी करण्याचं काम) शिरायचा विचार आहे. मग राजीनामा आत्ताच टाकून मोकळं व्हावं का, आणि या सगळ्यात ‘मी वेडा तर होणार नाही ना’?

वेडे होणार नाही. पण राजीनामा आत्ता टाकू नका.

मी नऊ वर्षांपूर्वी हेच केलं. बायकोची नोकरी, मी मागोमाग, बँकेतलं काम सोडून शिकवण्याकडे वळलो. निघायच्या तीन महिने आधीच राजीनामा दिला, का तर तयारीला वेळ हवा. तयारी पंधरा दिवसांत संपली. उरलेले अडीच महिने मी घरात बसून भविष्याची काळजी केली आणि तिथे पोहोचलो तेव्हाच निम्मा संपलेलो होतो.

तुम्ही एकाच वेळी किती गोष्टी बदलताय ते एकदा मांडून बघा. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये 43 घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, नोकरीवरून काढलं जाणं 47. तुमच्या खात्यात कामाचं क्षेत्र बदलणं 36, आर्थिक स्थितीतला बदल 38, जोडीदाराचं काम सुरू होणं किंवा थांबणं 26, राहणीमानातला बदल 25, घर बदलणं 20, उठबस बदलणं 18. बेरीज 163, आणि 150च्या पुढे गेलं की सांभाळा, असं ते सांगतात. यादी जुनी आहे, तिला भविष्यवाणी समजू नका. पण अकाउंट्सवाल्या माणसाला एवढं पटेल की यातल्या ज्या नोंदी पुढे ढकलता येतात त्या ढकलाव्यात. क्षेत्र बदलणं ढकलता येतं. तिथे गेल्यावर पहिले सहा महिने जुन्याच क्षेत्रातलं थोडं काम मिळालं आणि व्हिसाच्या अटीत बसत असेल, तर घ्या. कमीपणा मानू नका.

आणि वीट नेमका कशाचा आलाय, हेही आधी तपासा. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याला, आजार मानत नाही, कामाशी निगडित अवस्था मानते. तिच्या तीन खुणा: अंगातली ताकद संपणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. यातलं बरंचसं अपुऱ्या माणसांमुळे, साहेबामुळे, वर्षअखेरीच्या रात्रींमुळे येतं, आकड्यांमुळे नाही. दोन आठवडे रजा काढा, फोन बंद ठेवा. रजेनंतरही ताळेबंद जुळवताना काहीच वाटलं नाही तर क्षेत्र बदला. मला स्वतःला बँकेचा नाही, बँकेतल्या एका माणसाचा कंटाळा आला होता, हे फार उशिरा कळलं. सुदैवाने शिकवणं आवडलं, म्हणून निभावलं.

नोटिसीच्या काळात एक काम विसरू नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा दात, डोळे, रक्त तपासून घ्या. मनासाठी गोळ्या चालू असतील तर त्या अचानक बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं. काही औषधं काही देशांत नेताच येत नाहीत. जपानमध्ये लक्ष न टिकण्याच्या त्रासावर दिली जाणारी अॅम्फेटामाइनची औषधं चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. जिथे जाताय त्या देशाच्या वकिलातीला आधीच विचारा. समुपदेशक असेल तर ‘मी देशाबाहेर गेल्यावर ऑनलाइन बोलता येईल का’ हेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी त्यांचा परवाना हद्दीपुरताच असतो, आणि हे ऐन गरजेच्या वेळी कळणं वाईट.

आता खरा अवघड भाग. निघताना त्रास होत नाही. निरोप समारंभ, सामान, विमानतळ, सगळं अंगावर येतं पण माणूस धावत असतो. माझी गाडी रुतली ती तिसऱ्या महिन्यात. दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो होतो. नाव, जन्मतारीख, पत्ता सरसर लिहिलं आणि ‘व्यवसाय’ या चौकटीपाशी पेन थांबलं. जुनं पद लिहिलं, खोडलं. ‘विद्यार्थी’ लिहिलं, तेही खोडलं. काउंटरवरच्या बाईंनी दुसरा फॉर्म दिला. मी तो घेऊन बाहेर बाकावर वीस मिनिटं बसलो आणि चौकट कोरी ठेवून परत दिला. कोणी काही विचारलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

हे का होतं याचं उत्तर मला मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंमुळे मिळालं. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची कापड गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1931-32 मध्ये तिथे जाऊन अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं, आणि रस्त्यावरून पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते. बायकांना घरकाम होतं, म्हणून त्यांच्या दिवसाला आकार होता. नोकरी पगाराखेरीज काय काय देते ते याहोडांनी पुढे मांडलं: दिवसाला बांधणी, घराबाहेरची माणसं, एकत्र मिळून काही करतोय ही भावना, समाजातलं स्थान आणि हातांना नेमाने काम. याहोडांनाही 1937 मध्ये देश सोडावा लागला होता. इंग्लंडमध्ये त्यांनी आधी वेल्समधल्या बेकार खाणकामगारांचा अभ्यास केला, आणि प्राध्यापक झाल्या त्या बऱ्याच वर्षांनी.

म्हणजे तुम्ही पगाराची सोय केली असेल, बायकोचा पगार आहेच, तरी बाकीच्या पाच गोष्टींची सोय वेगळी करावी लागते. मी केली ती अगदी साधी. सकाळी पावणेनऊला आंघोळ करून, बूट घालून घराबाहेर पडायचं, वाचनालयात बसायचं, एकला परत. पहिले काही दिवस हसू यायचं, बूट घालून जायचं कुठे? पण घरच्या टेबलावर आणि त्या टेबलावर जमीनअस्मानाचा फरक पडला. आठवड्यातून दोन संध्याकाळी भाषेचा वर्ग. तिथली माणसं माझ्यासारखीच चौकट कोरी ठेवणारी होती, त्यामुळे ओळख देताना जीभ अडखळायची नाही. अर्ज फक्त त्या सकाळच्या तासांत करायचे. दुपारी मेलबॉक्स उघडायची नाही, कारण नकाराची मेल दुपारी आली की संध्याकाळ गेलीच.

मन मोकळं करायला लिहून काढा. 1994 मध्ये पेनेबेकर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या अनुभवी लोकांना पाच दिवस रोज वीस मिनिटं त्या घटनेबद्दल मनातलं लिहायला लावलं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकरी मिळाली. अर्ज त्यांनी जास्त केले नव्हते. माझा कयास असा की साठलेला राग वहीत उतरला म्हणून मुलाखतीत उतरला नाही.

बायकोशी एक करार करा. ती थकून घरी येते आणि ‘आज काय झालं?’ असं प्रेमाने विचारते, पण आपल्याला ते हिशेब मागितल्यासारखं लागतं. आम्ही रविवारी सकाळी पैसे आणि नोकरी यावर बोलायचं ठरवलं, बाकी सहा दिवस तो विषय बंद. तिचंही नवं ऑफिस, नवी भाषा, तिला तुमचं ओझं उचलायची सक्ती वाटता कामा नये. नातेवाईकांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘सध्या नवीन काम शिकतोय, वर्षभरात कळेल.’ पुढच्या प्रश्नाला तेच वाक्य पुन्हा.

उदास वाटणं आणि आजारी पडणं यातली रेषाही लक्षात ठेवा. डॉक्टर नैराश्य तपासताना मागचे दोन आठवडे विचारतात. त्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उतरलेलं, झोप किंवा भूक बिघडलेली, आवडत्या गोष्टीतही रस नाही, असं असेल तर ‘नवी जागा आहे, होईल ठीक’ म्हणत थांबू नका, डॉक्टर गाठा. संध्याकाळचा एक पेला दोन-तीनवर गेला असेल तरीही. जगू नये असं मनात आलं तर त्याच क्षणी बायकोला सांगा आणि तातडीच्या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक जायच्या आधीच फोनमध्ये भरून ठेवा.

तर राजीनामा: नोटीस पुरी होऊन निघायला दोन-तीन आठवडे राहतील, असा दिवस मोजून द्या. ज्यांच्याशी खरंच बोलावंसं वाटेल अशा सहकाऱ्यांचे खाजगी नंबर शेवटच्या दिवसाआधी घ्या. माझं कंपनीचं लॉगिन संध्याकाळी सहाला बंद झालं आणि दहा वर्षांची माणसं त्यातच राहिली. नोटीस किती दिवसांची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळवा, मग तारीख मोजू.