नॉर्वेच्या टोकाला हजारभर माणसांसाठी वेगळी नगरपालिका कशाला? आणि तिथे नोकरीला जावं का?

तुमचा पहिला प्रश्न वाचून राहवलं नाही. मी अशाच टोकावरच्या बेर्लेवोग गावात, पालिकेच्याच आरोग्यकेंद्रात नर्स आहे. लोकवस्ती हजाराच्या आत, क्षेत्रफळ मुंबई महापालिकेच्या जवळजवळ दुप्पट. ऑस्लोला राहणारे माझे दीर दर दिवाळीला हेच म्हणतात, "एवढ्याशा गावाला कसली पालिका? ताना पालिकेत विलीन करा."

1914 पर्यंत तानातच होतं. ताना सव्वाशे किलोमीटरहून लांब, मधे उघडा डोंगरमाथा. वारा सुटला की रस्ता बंद, नाहीतर बर्फ काढणाऱ्या गाडीमागे रांगेनं जायचं.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री रस्ताही बंद आणि विमानही. केंद्रात एका आजोबांना धाप लागलेली, मोठं हॉस्पिटल पार किर्केनेसला. मला फोन आला, पण बाहेर साचलेल्या बर्फामुळे घराचं दार ढकललं तरी हलेना. एरवी पाणीपुरवठा बघणारा पालिकेचा माणूस लोडर घेऊन आला, दारापर्यंत वाट काढली, मला केबिनमध्ये बसवलं. वाटेत म्हणाला, "त्यांची मुलगी वरच्या अंगाला राहते, तिलाही घेऊ." तिला कळवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. पहाटे वारा पडून हवाई अ‍ॅम्ब्युलन्स उतरेपर्यंत ती वडिलांचा हात धरून बसली होती. तानातल्या साहेबाला तिचं घर माहीत असतं का?

हे गाव 1944 मध्ये जर्मनांनी जाळलं, लोकांनी परत येऊन उभं केलं. वादळांनी बंदराचा बांध पुन्हापुन्हा फोडला, शेवटी 1970 च्या दशकात टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकून तो पुरा झाला. मरीन ड्राइव्हला आहेत तेच, पण इथले कितीतरी अवजड. अशा गावाचा कारभार लांबून चालत नाही. आमचा फिनमार्क आणि शेजारचा ट्रोम्स हे प्रांत 2020 मध्ये जोडलेच होते. त्याआधी 2018 च्या मतदानात फिनमार्कच्या 87 टक्के मतदारांनी नको म्हटलं होतं. 2024 मध्ये पुन्हा वेगळे करावे लागले. यावर दिरांकडे उत्तर नाही.

नोकरीचं म्हणाल तर जरूर या. आयकर कमी, 2023 पासून बालवाडी मोफत, नॉर्वेतलं शिक्षणकर्ज असेल तर तेही दरवर्षी थोडं माफ होतं. नॉर्वेजियन मात्र नीट यायला हवी, इंग्रजीवर पेशंट सांभाळता येत नाहीत. आणि हो, नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. ते मनाला झेपेल का, याचा विचार आधी करा. दिरांसारखं नुसती डोकी मोजून गाव ठरवणार असाल, तर ऑस्लोच बरं.