'बाहेरचं' काही नाही : निसर्गवाद या शब्दाविषयी

प्रश्न असा आहे : "मन, सृष्टी आणि श्रद्धा यांचा नॅचरलिस्टिक दृष्टीने विचार करणारा एक लेख मराठीत आणतो आहे. 'निसर्गवादी' लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाडं लावणारा माणूस येतो. 'प्रकृतिवाद', 'स्वभाववाद', 'जडवाद', 'भौतिकवाद' असे आणखी चार शब्द हाताशी आहेत. नेमका कोणता घ्यावा?"

'निसर्गवाद'च घ्या. तुमची अडचण मात्र खरी आहे. आजच्या मराठीत निसर्ग म्हणजे घराबाहेरचं जग : डोंगर, पाऊस, धबधबे, बालकवींच्या ओळी. 'निसर्गाच्या सान्निध्यात चार दिवस' असं म्हणताना आपण स्वतःला निसर्गातून आधीच वजा केलेलं असतं. पण जुना अर्थ मेलेला नाही. 'निसर्गदत्त गळा', 'नैसर्गिक मृत्यू', 'निसर्गतःच लाजाळू' या प्रयोगांत निसर्ग माणसाच्या आत आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने संसिद्धी, प्रकृती, स्वरूप, स्वभाव आणि निसर्ग हे शब्द एका दमात पर्याय म्हणून दिले आहेत. म्हणजे निसर्ग हा मुळात एखाद्या वस्तूच्या घडणीविषयीचा शब्द. झाडाडोंगरांचा अर्थ त्याला पुढे चिकटला आणि फार लोकप्रिय झाला. तुमच्या लेखात पहिल्यांदा 'निसर्गवाद' येईल तिथे एक वाक्य खर्च करा : मन, विचार, श्रद्धा हेही निसर्गातच मोडतात असं मानणारा पक्ष. पुढे वाचक अडखळणार नाही.

बाकीच्यांपैकी तीन लवकर बाजूला ठेवता येतात. 'प्रकृतिवाद' हिंदीत रुळलेला आहे, पण मराठी माणूस प्रकृती म्हटलं की तब्येत विचारतो. शिवाय भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास असलेल्याला तो सांख्यांचा, म्हणजे सांख्य या प्राचीन दर्शनाचा, वाटेल. सांख्यांनी पंचवीस तत्त्वं मोजताना बुद्धी, अहंकार आणि मन बिनदिक्कत प्रकृतीच्या खात्यात टाकली; फक्त पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, तेवढं वेगळं राखलं. मनाला सृष्टीत बसवण्याचं अर्धं काम त्यांनी केव्हाच केलं होतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण निसर्गवादी नेमकं ते राखून ठेवलेलं एक तत्त्वही आत घेऊ पाहतो, म्हणून दोघांना एक नाव देता येत नाही. 'जडवाद' हा भारदस्त शब्द आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या पुस्तकाचं ते नाव आहे. तरी जड म्हणजे निर्जीव. जिवंत मेंदूच्या व्यापाराबद्दल बोलणाऱ्या लेखाला तो पेलत नाही. आणि 'भौतिकवादी' म्हणजे बंगला-गाडीच्या मागे लागलेला, असा अर्थ बोलण्यात इतका घट्ट झाला आहे की तो सोडवत बसण्यात हशील नाही.

'स्वभाववाद' मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. तो सगळ्यांत जुना आणि वरवर पाहता सगळ्यांत जवळचा. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच जगाचं कारण काय असावं याची यादी येते : काल, स्वभाव, नियती, यदृच्छा (योगायोग), भूतं (पिशाचं नव्हेत, पृथ्वी-पाण्यासारखी महाभूतं). अश्वघोषाच्या बुद्धचरितात, नवव्या सर्गात, घर सोडून गेलेल्या राजपुत्राला, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या सिद्धार्थाला, परत न्यायला आलेला मंत्री हे मत ऐकवतो :

कः कण्टकस्य प्रकरोति तैक्ष्ण्यं विचित्रभावं मृगपक्षिणां वा ।
स्वभावतः सर्वमिदं प्रवृत्तं न कामकारोऽस्ति कुतः प्रयत्नः ॥

काट्याला धार कोण लावतं? पशुपक्ष्यांना हे नाना रंगढंग कोण देतं? सगळं स्वभावाने चाललं आहे. इथे कुणाची इच्छा चालत नाही, मग प्रयत्न कसला? चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांची, म्हणजे ईश्वर आणि परलोक न मानणाऱ्या पंथाची, बाजू मांडताना अशाच अर्थाचा श्लोक दिला आहे : अग्नी उष्ण, पाणी थंड, हे कुणी रंगवलं? स्वभावानेच ती व्यवस्था आहे. त्याच प्रकरणात चैतन्याविषयीचं प्रसिद्ध विधानही येतं. किण्वापासून जशी मादकता, तसं देहरूपाने एकत्र आलेल्या भूतांपासून चैतन्य निर्माण होतं. किण्व म्हणजे दारू आंबवताना घालतात ते विरजण. सुट्या जिनसांत नशा नसते, आंबल्यावर येते. मनाबद्दल इतकं धीट वाक्य आपल्याकडे लिहिलं गेलं, ते आपण शाळेत का शिकवत नाही हे मला कळत नाही.

तरीही हा शब्द इथे नको, आणि कारण त्या काट्यातच आहे. स्वभाववादी म्हणतो, काटा स्वभावाने टोकदार. इथे प्रश्न संपतो. आजचा निसर्गवादी तिथून पुढे सुरुवात करतो. बाभळीचा काटा घ्या : पानाच्या बुडाशी जोडीने येणारी जी छोटी उपपर्णं असतात, त्यांचे ते काटे झालेले असतात. फड्या निवडुंगाचे काटे म्हणजे बदललेली पानं. बोगनवेलीचा काटा ही बदललेली फांदी. गुलाबाचा तर शास्त्राच्या भाषेत काटाच नव्हे, नुसती सालीची वाढ आहे, म्हणून तो बोटाने बाजूला दाबला की खटकन निघतो. चार काटे, चार वेगळ्या वाटा, आणि बहुतेकांच्या मागे पाला ओरबाडणाऱ्या तोंडांचा लांबलचक इतिहास. मोराचंही तसंच. त्याच्या पिसातला निळा-हिरवा रंग निळ्या-हिरव्या रंगद्रव्याचा नाही. मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात आणि त्या रचनेवरून प्रकाश परतताना तो रंग उमटतो. असला पिसारा का टिकला, याचं उत्तर डार्विनने 1871मध्ये लांडोरीच्या निवडीत शोधलं. 'स्वभाव' हे या सगळ्याचं उत्तर होत नाही, तो प्रश्नाला लावलेला पूर्णविराम होतो. मंत्र्याच्या श्लोकाचा शेवट 'कुतः प्रयत्नः' असा होतो, हे म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्याला कारणं हुडकायची आहेत त्याला प्रयत्न सोडून चालत नाही.

आता तुमच्या वाचकाला हा विचार समजावणारा अस्सल मराठी शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'बाहेरचं' हा शब्द सांगेन. गावात काय नि शहरात काय, कुणाला झटके आले, पोर रात्री दचकून उठायला लागली, सून एकाएकी बोलेनाशी झाली, की शेजारची काकू हलक्या आवाजात म्हणते, "दवाखाना चालू ठेवा, पण बाहेरचंही एकदा बघून घ्या." बाहेरचं म्हणजे कशाच्या बाहेरचं? शरीराच्या बाहेरचं म्हणावं तर थंडी-वाराही बाहेरचाच. काकूला म्हणायचं असतं ते डॉक्टरच्या, औषधाच्या, नेहमीच्या कार्यकारणाच्या बाहेरचं. निसर्गवाद म्हणजे असं 'बाहेरचं' खातं न उघडणं. व्याख्या यापेक्षा सोपी करता येईल असं मला वाटत नाही.

या शब्दाला शास्त्रीय पूर्वजही आहे. आयुर्वेद रोगांचे निज आणि आगंतु असे भेद करतो. निज म्हणजे शरीरातूनच उद्भवलेला, आगंतु म्हणजे बाहेरून आलेला. जखम, भाजणं, दंश हे सगळं त्यात येतं, आणि उन्मादाच्या बाबतीत देव-गंधर्व-पिशाचांची बाधाही. पण चरकसंहितेच्या निदानस्थानात, उन्मादाच्याच अध्यायात, हा श्लोक आहे :

नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः ।
न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम् ॥

जो माणूस स्वतः आधी बिघडलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कुणीही पीडत नाही. पुढे, शहाण्याने देवांना, पितरांना, राक्षसांना दोष देऊ नये, असंही सांगितलं आहे. याला आजच्या अर्थाने निसर्गवाद म्हणू नका, कारण चरक तिथे माणसाच्या कर्माकडे बोट दाखवतो. पण नजर बाहेरून आत वळवली गेली, हे स्पष्ट दिसतं.

श्रद्धेचं निसर्गवादी स्पष्टीकरण म्हणजे काय, हे आकडीच्या उदाहरणाने दाखवतो. रस्त्यात कुणाला आकडी आली, की कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवतं. मिनिट-दोन मिनिटांत अंग सैल पडतं, माणूस शुद्धीवर येऊ लागतो, आणि भोवती जमलेल्या वीस जणांनी कांद्याचा गुण डोळ्यांनी पाहिलेला असतो. वस्तुस्थिती अशी की बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. (पाच मिनिटांवर गेला तर मात्र तातडीने दवाखाना गाठायला हवा. एरवी माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.) कांदा न धरता तो थांबला असता का, हे पाहायला कुणी थांबत नाही, थांबणं निर्दयपणाचंही वाटेल. म्हणजे कांद्यावरची श्रद्धा मूर्खपणातून आलेली नाही. झटक्याचा कालावधी, मदतीची घाई आणि 'आधी हे, मग ते' असं जोडणारी आपल्या बुद्धीची सवय, या तीन साध्या गोष्टींतून ती उगवली. बिनविषारी साप चावलेला माणूस मांत्रिकाच्या दारात बरा होतो तोही असाच. घोणस चावलेला होत नाही. म्हणून तर महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा धरला आहे.

हा विचार परका म्हणून हिणवण्याचं कारण नाही. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस या वैद्याच्या नावावरच्या ग्रंथांत, सुमारे 2400 वर्षांपूर्वी, अपस्माराला, म्हणजे आकडीच्या रोगाला, 'पवित्र रोग' म्हणणाऱ्यांना उत्तर दिलं आहे की हा इतर रोगांइतकाच पवित्र, आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे तीच नजर म्हणींत मुरली आहे. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण राक्षसाचा पत्ता भिणाऱ्याच्या मनात देते. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण देवाने स्वप्नात दिलेल्या दृष्टांताची वाटच दाखवते.

आता शब्दयोजनेतले खड्डे. 'श्रद्धेचं नैसर्गिक स्पष्टीकरण' असं लिहू नका. नैसर्गिक म्हणजे सहज, कृत्रिमपणा नसलेलं, असं वाचलं जाईल. 'निसर्गवादी स्पष्टीकरण' लिहा, नाहीतर सरळ 'निसर्गातल्या कारणांनी दिलेलं स्पष्टीकरण'. उलट बाजूला 'अनैसर्गिक' चालणार नाही, त्याला निंदेचा वास आहे. 'अलौकिक'ला स्तुतीचा : अलौकिक प्रतिभा, अलौकिक आवाज. 'अतिनैसर्गिक' पुस्तकांत दिसतो, पण 'फार नैसर्गिक' असाही त्याचा अर्थ लागतो. माझी पसंती 'निसर्गबाह्य'ला. काकूचं 'बाहेरचं' त्यात आपसूक येतं. 'माइंड'साठी सगळीकडे 'मन' टाकतानाही जरा पाहा. मराठीत मन लागतं, मोडतं, रमतं. गणित मात्र डोक्याने होतं. जिथे लेखात स्मृती, तर्क, आकलन यांचा विषय असेल तिथे 'मन आणि बुद्धी' असं जोडीने लिहिलेलं बरं.

निसर्गवादी म्हणजे नास्तिक, असंही समजू नका. सांख्य आणि मीमांसक (वेदातल्या यज्ञविधींचा विचार करणारे) निरीश्वर होते, निसर्गवादी नव्हते. आणि गळ्यात तुळशीची माळ घालून वारीला जाणारा डॉक्टर आकडीवर औषधच लिहून देतो, अंगारा लिहून देत नाही; तेवढ्या कामापुरता तो पक्का निसर्गवादी असतो. म्हणून 'तात्त्विक निसर्गवाद' म्हणजे निसर्गाबाहेर काही नाहीच असं मत, आणि या डॉक्टरसारख्याचा 'कार्यपद्धतीपुरता निसर्गवाद' म्हणजे अभ्यास करताना निसर्गबाह्य कारण न घेणं, असे दोन शब्दप्रयोग ठेवा. तुमच्या लेखकाला यांतला कोणता अभिप्रेत आहे ते पाहून भाषांतर करा, नाहीतर एखाद्या भाविक शास्त्रज्ञाच्या तोंडी नको ते विधान जाईल. तशीच दुसरी काळजी : श्रद्धा कशी उगवली हे सांगणं वेगळं आणि ती खोटी आहे हे दाखवणं वेगळं. कांद्याच्या उदाहरणात दोन्ही झालं, कारण कांदा न धरताही झटका थांबतो हे तपासता येतं. प्रत्येक श्रद्धेची अशी तपासणी होतेच असं नाही. 'उगम सांगितला' याचं भाषांतर 'भांडाफोड केली' असं होऊ देऊ नका.

तुमच्या लेखाचा मथळा मी असा करीन : 'मन, सृष्टी आणि श्रद्धा : निसर्गवादी दृष्टीने'. आणि पहिल्या परिच्छेदात हे वाक्य घालीन : "जगात जे काही घडतं, अगदी आपल्या मनात जे घडतं आणि आपण ज्यावर श्रद्धा ठेवतो तेही, त्याची कारणं निसर्गातच शोधायची, बाहेरचं म्हणून काही धरायचं नाही, या भूमिकेला इथे निसर्गवाद म्हटलं आहे."