प्रोस्टेट कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ-सीची रक्ततपासणी करून घ्यावी का?

वडिलांचा पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) 24, बायोप्सीत ग्लीसन, म्हणजे कॅन्सरच्या आक्रमकतेचा स्कोअर, 4+3, आणि व्हीईजीएफ-सी या ग्रोथ फॅक्टरमुळे कॅन्सर लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींत) पसरतो असं तुमच्या वाचनात आलं, म्हणून त्याची रक्ततपासणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. नको. त्या आकड्यावरून कुठलाच उपचार ठरत नाही.

वाचलंत ते मात्र खोटं नाही. 1996 मध्ये हेलसिंकीत कारी अलिटालो यांच्या गटाने हे प्रथिन वेगळं केलं, तेच मुळी पीसी-3 या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या द्रवातून. लसिकावाहिनीच्या (लिम्फ नोडकडे द्रव वाहून नेणाऱ्या नळीच्या) अस्तरावरच्या व्हीईजीएफआर-3 या रिसेप्टरला ते चिकटलं की वाहिनी रुंदावते, तिला नवे फाटे फुटतात. ट्यूमरच्या आतल्या वाहिन्या दाबाने चेपलेल्या असतात. पेशी निसटतात त्या बहुधा कडेच्या वाहिन्यांतून, आणि ओटीपोटातल्या ऑब्ट्युरेटर किंवा इलियाक नोडमध्ये जाऊन अडकतात.

गंमत म्हणजे हे प्रथिन पेशीतून बाहेर पडतं तेव्हा पुरतं कामाचं नसतं. एन्झाइमने ते कापावं लागतं. पीएसए हेसुद्धा असंच कापणारं एन्झाइम आहे, हे 2019 मध्ये दिसलं. पण तेवढ्यावरून ‘पीएसए जास्त म्हणजे नोडमध्ये गेलंच’ असं समजू नका. रक्तातला बहुतेक पीएसए दुसऱ्या प्रथिनांना बांधलेला, निष्क्रिय असतो. व्हीईजीएफ-सी तर प्लेटलेटमध्येही असतं. नमुन्यातलं रक्त साकळलं की तेही सीरममध्ये, म्हणजे तपासणीच्या द्रवात, उतरतं, मग आकडा ट्यूमरचा की प्लेटलेटचा हे कसं ओळखणार?

त्यापेक्षा पीएसएमए पेट-सीटीबद्दल, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणाऱ्या स्कॅनबद्दल, डॉक्टरांना विचारा, शक्यतो हार्मोनचं इंजेक्शन सुरू होण्याआधी. पीएसए 20 च्या वर म्हणजे हाय रिस्क, तेव्हा तो योग्यच ठरतो. साधा सीटी नोडचा आकार बघतो. 8-10 मिमीपेक्षा लहान नोडमधला कॅन्सर त्यातून निसटतो. 2020 च्या प्रोपीएसएमए चाचणीत, 302 रुग्णांत, पीएसएमए पेटची अचूकता 92 टक्के होती. सीटी आणि बोन स्कॅन मिळून 65. काही मिलिमीटरच्या आतलं पेटलाही दिसत नाही. रिपोर्टमध्ये नोड नेमका कुठला हे बघा: ओटीपोटातला, कॉमन इलियाकच्या खालचा असेल तर एन1 (जवळच्या नोडमध्ये पसरलेला), कॉमन इलियाक किंवा त्याच्या वर असेल तर एम1ए (दूरच्या नोडमध्ये पसरलेला).

ग्रोथ फॅक्टर रोखणाऱ्या औषधाचं म्हणाल, तर बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफ-ए अडवतं, सी नाही. आणि पुढच्या टप्प्यातल्या 1,050 रुग्णांत केमोसोबत देऊनही त्याने आयुष्य वाढलं नाही. एन1 निघालं तर सध्या रेडिएशन, दीर्घ हार्मोन उपचार आणि जोडीला अ‍ॅबिराटेरोन (पुरुषी हार्मोन तयार होणं रोखणारी गोळी), हा भरवशाचा मार्ग आहे.