अर्धी राहिलेली कादंबरी : बडोद्याहून एक लांबलचक उत्तर

तुम्ही लिहिलंय, काकांनी वाढदिवसाला दिलेली साडेपाचशे पानांची ऐतिहासिक कादंबरी दोन महिने उशाशी पडून आहे, दोनशेच्या पुढे सरकत नाही, आणि ती संपेपर्यंत दुसरं पुस्तक उघडायला मन धजत नाही. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. एक कादंबरी सुटली तर काही बिघडत नाही, पण तिच्यापायी बाकीचं वाचन थांबलं तर फार बिघडतं. माझं तसं थांबलं होतं.

त्याला कारण इथलंच एक वाचक मंडळ. नाव लिहीत नाही, त्यातली पुष्कळ माणसं अजून रस्त्यात भेटतात. तिथे नियम असा की महिन्याचं पुस्तक ज्याने पूर्ण वाचलंय त्यानेच चर्चेत बोलायचं. सुरुवातीला वही फिरायची. नाव, सही, आणि तिसऱ्या रकान्यात ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’. अपूर्णवाल्यांनी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकायचं. एकदा अशाच एका जाड ऐतिहासिक कादंबरीवर चर्चा होती. आत सगळे भाषावैभवावर बोलत होते. संपल्यावर जिन्याशी चपला घालताना एक निवृत्त शिक्षिका मला म्हणाल्या, “दहा प्रकरणं झाली गं, राणी नुसती ओवाळायला येते नि जाते. तिला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही. मी मिटलं पुस्तक.” त्या संध्याकाळी कादंबरीबद्दल याहून नेमकं कुणीच बोललं नव्हतं, आणि ज्यांना हे दिसलं त्यांनाच बोलायची मनाई! मी पदाधिकाऱ्यांना तसं सांगितलं. उत्तर मिळालं, “शिस्त म्हणजे शिस्त.” त्या ‘अपूर्ण’च्या धाकाने मी नावडती पुस्तकं रेटत राहिले, मग रेटणंही नको झालं, आणि वाचन वर्तमानपत्रावर आलं. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे, की वाचक कुठल्या पानावर थांबला आणि का थांबला, हासुद्धा पुस्तकाबद्दलचा अभिप्रायच आहे. सोडताना एक चिठ्ठी लिहा: पान अमुक, कारण तमुक. कारण लिहिता आलं तर खुशाल सोडा. नाही आलं, तर बहुतेक वेळा दोष पुस्तकाचा नसतो. दिवसभर थकून रात्री अकराला चार पानं वाचली तर कुठलीही वंशावळ डोक्यात राहत नाही. एखाद्या रविवारी सकाळी तासभर देऊन बघा. मग पुस्तक मिटून घरातल्या कुणाला तरी शेवटचं प्रकरण सांगा. सांगताना रंगलात तर कादंबरी कठीण आहे, पण तुमची आहे. सांगायचाच कंटाळा आला तर पुढची साडेतीनशे पानं कशासाठी?

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम प्रसिद्ध आहे: पन्नास पानं वाचून ठरवा, आणि पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच वाचा. म्हणजे साठाव्या वर्षी चाळीस. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना मात्र मी शंभर पानं तरी देते, कारण पहिली पन्नास पुष्कळदा घराणी आणि गडकिल्ल्यांतच जातात. तुम्ही तर दोनशे दिलीत.

अपराधी वाटण्याबद्दल. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातलेच. त्यापूर्वीच, १९१० मध्ये, सयाजीरावांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून सार्वजनिक मोफत वाचनालयांची घडी बसवली होती. मोफत वाचनालयाचा मोठा फायदा मला हाच वाटतो, की नाही आवडलं तर परत करताना जीव अडकत नाही. जाड कादंबरी विकत घेण्याआधी मी अजूनही वाचनालयातून आणून चाखते.

हे सगळं आनंदासाठी वाचणाऱ्यांपुरतं. अभ्यासक्रमात असेल किंवा परीक्षण लिहायचं असेल तर शेवटचं पान गाठायलाच हवं. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाला ‘टाकाऊ’ही म्हणू नये. ‘दोनशेपर्यंत वाचलं, पुढे मन लागलं नाही’ एवढंच खरं सांगावं. काकांनाही हेच सांगा आणि त्यांना त्यात काय आवडलं ते विचारा. एखादं प्रकरण त्यांनी सुचवलं तर तेवढंच वाचा, मधली पानं ओलांडून वाचायला कुणाची बंदी नाही.

आणि आजच दुसरं काहीतरी उघडा, शक्यतो लहान. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ वाचलं नसेल तर ते घ्या. १९३९चं आहे, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं, दोन बैठकांत होतं. तेही नाही रुचलं तर इथे पान नंबर लिहा, दुसरं सुचवते.