महाधमनी रुंदावलेली असताना व्यायाम सुरू ठेवता येतो का?

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीचा, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीचा, हृदयालगतचा भाग 4.3 सेंटीमीटर रुंद भरल्यामुळे धावणे आणि वजने उचलणे कायमचे बंद करावे का, असे आपण विचारले आहे. माझी महाधमनी 4.4 सेंटीमीटर आहे आणि गेली काही वर्षे मी नियमित व्यायाम करत आलो आहे, म्हणून हे लिहितो. आपली मर्यादा मात्र आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी.

माझ्या मते सर्वांत जपायचे ते श्वास कोंडून जोर लावण्यापासून. धमनी जितकी रुंद, तितका त्याच रक्तदाबाचा ताण तिच्या भिंतीवर अधिक पडतो, आणि जड वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखून पोट आवळतो, तेव्हा तो दाब काही क्षणांत प्रचंड चढतो. धमनीत थेट नळी घालून केलेल्या आणि 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन्ही पायांनी जड वजन ढकलणाऱ्या निरोगी व्यायामपटूंचा वरचा रक्तदाब 300 च्याही पुढे गेलेला आढळला होता. भरभर चालताना, सपाट रस्त्यावर सायकल चालवताना किंवा संथपणे पोहताना दाब वाढतो, पण तो हळूहळू आणि बराच कमी वाढतो.

त्यामुळे मी चालणे आणि सायकल यांवर भर दिला आहे. नाडीचा वेग कमी ठेवणारे बीटा ब्लॉकर हे औषध घेत असल्याने मनगटी घड्याळातील नाडीचे आकडे मला फारसे उपयोगी पडत नाहीत. चालता चालता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येते का, एवढेच मी पाहतो. वजने सोडलेली नाहीत, परंतु ती हलकी ठेवतो, उचलताना मोठ्याने आकडे मोजतो, कारण बोलत असताना श्वास कोंडता येत नाही, आणि हात थरथरू लागण्याच्या पुष्कळ आधी थांबतो. अडकलेले कपाट सरकवणे किंवा बद्धकोष्ठ असताना कुंथणे हेही याच प्रकारात मोडते, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

दोन अहवालांतील एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने घाबरून जाऊ नये. इको आणि सी.टी. स्कॅनचे आकडे एकमेकांशी नेमके जुळत नाहीत. तपासणी शक्यतो त्याच पद्धतीने, धमनीच्या त्याच जागी व्हावी. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे 5.5 सेंटीमीटरला होतो. मार्फान सिंड्रोम (धमनीच्या भिंतीही कमकुवत करणारा आनुवंशिक विकार) असल्यास, कुटुंबात धमनी फाटल्याचा इतिहास असल्यास किंवा रुंदी वेगाने वाढत असल्यास तो आधीच होतो. आपली महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाळ्यांची आहे का, हेही अवश्य विचारा, कारण तसे असल्यास आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

घरी रक्तदाब मोजून नोंद ठेवा. कोणत्याही आजारासाठी प्रतिजैविक लिहून देणाऱ्या डॉक्टरांना महाधमनीविषयी आधी सांगा: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील औषधांबाबत अशा रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये इशारा दिला आहे. छातीत किंवा पाठीत अचानक, चिरत गेल्यासारखी तीव्र कळ आली, तर ती ओसरण्याची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा आणि आपली महाधमनी रुंद आहे, हे पोहोचताक्षणीच तेथील डॉक्टरांना सांगा.